तणसाच्या भिंती

यंदाच्या शिंगाड्याची पहिली टोपली गावातल्या सगुणामावशीनं गेल्या शनिवारी आणली आणि माझी बोटं काळी झाली. उकडलेला शिंगाडा सोलला की टरफलाचा काळा रंग नखांच्या कडेला जाऊन बसतो आणि साबणाला दाद देत नाही. सोमवारी गोंदियाला वर्गात उभी राहिले तेव्हा पोरं माझ्या बोटांकडे बघत होती. मी तंत्रनिकेतनात मुलांना घरांचे नकाशे काढायला शिकवते. बाई अजून शाईनं नकाशे काढतात, असा त्यांनी समज करून घेतला असावा. मी तो मोडला नाही.

आमच्याकडे शिंगाडे आले की धानाची कापणी आलीच. गोरेगावहून गावाकडे वळलं की दोन्ही बाजूंना बांध्या, म्हणजे धानाची शेतं, पिवळ्या झालेल्या, कुठे कापलेल्या धानाच्या कडपा पडलेल्या, कुठे नुसती खुंटं उरलेली. कापलेल्या धानाला एक ओलसर, गोडसर वास असतो. तो नाकात गेला की माझं मन हटकून तीन वर्षांपूर्वीच्या हंगामात जातं. त्या हंगामात आम्ही सगळे जवळजवळ महिनाभर एका नसलेल्या घरात राहिलो. दिवसा तिथे बसलो, जेवलो, भांडलो आणि संध्याकाळी झोपायला गावातल्या घरी गेलो. इतकं सुख मला नंतर बांधलेल्या घरातही क्वचित मिळालं आहे, आणि बांधलेल्या घरात मी सुखी आहे हे आधीच सांगून टाकते.

सुरुवात दादाच्या फोनवरच्या एका चित्रापासून झाली. दादा माझा मोठा भाऊ, शेती करतो आणि गोरेगावला खताबियाण्यांचं छोटं दुकान चालवतो. त्यानं मला कुठल्यातरी समुद्रकाठच्या बंगल्याचं चित्र पाठवलं. पांढराशुभ्र बंगला, भिंतभर काच, काच सरकवली की बाग, बागेपलीकडे निळं पाणी. खाली लिहिलं होतं, ‘आपल्याला असं पाहिजे.’ मी त्याला कळवलं की गोंदियाहून समुद्र गाठायचा तर रेल्वेत एक रात्र मोडते. त्यानं उलट लिहिलं, ‘तलाव आहे ना.’

तलाव होता हे खरं. गावाच्या उत्तरेला जुनी पाळ, तिच्यावरून जाणारी पायवाट आणि पाळीनं अडवलेलं पाणी. पाण्याला लागून आमचा एक बरडाचा तुकडा होता. मुरमाड, उंचवट्यावरचा. त्यात धान काही होत नसे, एक मोहाचं झाड तेवढं होतं. गावातलं आमचं घर तसं धडधाकट होतं, पण दोन्ही बाजूंच्या शेजाऱ्यांनी स्लॅबवर स्लॅब चढवले आणि आमचा वारा बंद झाला. उन्हाळ्यात बाबा पहाटेच घराबाहेर पडत आणि दिवसभर पिंपळाखाली काढत. घरात बसवत नाही म्हणून माणूस बाहेर बसतो, हे बघून दादाला वाईट वाटायचं आणि मला जास्तच, कारण घरं कशी गार ठेवावीत हे मी पगार घेऊन शिकवत होते.

तेव्हा मी नकाशा काढला. झोकात काढला. जुन्या गोठ्याची कवेलू, म्हणजे कौलं, आणि त्याच्याच सागवानी बल्ल्या पुन्हा वापरायच्या. भिंती मातीच्या, धानाचा कोंडा आणि बारीक तणस, म्हणजे धानाचा पेंढा, मळून घातलेल्या. पश्चिमेची भिंत दुप्पट जाड. पूर्वेला पाण्याकडे तोंड करून खोल सपरी, म्हणजे ओसरी. न्हाणीचं पाणी केळींना. दादानं कवेलूंना नाक मुरडलं. माकडं मोहावरून उडी मारतील आणि दर उन्हाळ्यात कवेलू फेरत बसावं लागेल, हे त्याचं म्हणणं खोटं नव्हतं. म्हणून मोहाखाली येणारी खोली स्लॅबची ठेवली आणि ती त्यालाच दिली. दक्षिणेला रस्त्याकडे मुख्य दार, दारापुढे दादाच्या चित्रातल्यासारखी हिरवळ आणि सगळ्याला चारी बाजूंनी पक्कं कुंपण. वहिनीला आवडलं. बाबांनी सपरी कुठे आहे तेवढं विचारून घेतलं.

माय कागदावर वाकली. तिनं तो उलटा करून मागे काही आहे का ते पाहिलं, पुन्हा सुलटा केला आणि चांगला आहे म्हणाली. मग तिनं सांगितलं, “तुमी जा. मी येईन मंग.”

हे ‘मंग’ आमच्या घरात सगळ्यांना ठाऊक आहे. नको असलेल्या लग्नाचं निमंत्रण आलं की माय ‘मंग’ म्हणते. न आवडलेलं लुगडं ती मंग नेसते. मी तिला खोदून खोदून विचारलं. पाणी भरायला लांब पडेल का, भीती वाटते का, पायऱ्या नकोत का. प्रत्येकाला नाही म्हणाली. आपल्याला काय नको आहे ते तिलाही नीट सांगता येत नसावं, आणि मला तेव्हा वाटलं की ती हट्ट करते आहे. मी चिडले. बाबांकडे तक्रार घेऊन गेले तेव्हा ते सुपारी कातरत होते.

“थे नाई आली तं मी बी नाई जात,” ते म्हणाले. “मंग पानी कोनासाठी पाहू?”

बाबा आयुष्यात मायबद्दल याहून जास्त कधी बोललेले मला आठवत नाहीत. तलावाकाठचं ते घर मायच्या एका ‘मंग’वर अडलं होतं, आणि ती आली नाही तर ते दादाचा बंगला होणार होतं, आमचं घर नव्हे.

कागद वाचता येत नसेल तर घर जमिनीवरच काढू, असं मी ठरवलं. आधी चुन्याच्या रेघा ओढल्या. त्या दिवसांत आमच्याकडे दव असं पडतं की सकाळी चपला भिजतात. दोन सकाळींत चुना पुसला गेला. हलक्या धानाचा चुरणा, म्हणजे मळणी, नुकताच झाला होता, खळ्यात तणसाचा ढीग पडला होता. मी तणसाच्या पेंढ्या मोजून घेतल्या आणि गुडघाभर उंचीच्या भिंती रचल्या. दाराच्या जागी जागा सोडली. ढोरांचा चारा असा उन्हात मांडलेला बघून दादा हळहळला, पण एका रविवारी दुपारपर्यंत घर उभं राहिलं. पिवळंधमक, वर छप्पर म्हणून नुसतं आभाळ.

त्या घराइतकं गमतीचं घर मी पाहिलेलं नाही. दादानं आपल्या खोलीत खाट आणून टाकली आणि भर दुपारी तिच्यावर आडवा होऊन, खिडकी जरा खाली हवी, असं सांगितलं. वहिनी स्वयंपाकघरात उभी राहून नुसती वळली, तर तिचं कोपर तणसाला लागलं. मला तिथल्या तिथे दोन फूट वाढवून द्यावे लागले. तलावावर आंघोळीला जाणारी माणसं वाकडी वाट करून बघायला येत. गुडघाभर भिंत ओलांडून सहज आत येता आलं असतं, पण सगळे वळसा घालून दारातून येत आणि चपला बाहेर काढत. एका काकांनी तर नसलेल्या चौकटीखाली मान वाकवली. मला हसू आलं आणि जरा भरूनही आलं.

बाबांना मी सपरीत बसवलं. पाण्यावर कमळाची पानं करपायला लागली होती, मधल्या भागात शिंगाड्याच्या वेली पसरल्या होत्या आणि त्यांतून सगुणामावशीचा नवरा डोंगा हळूहळू ढकलत होता. बाबा बघत राहिले. मग त्यांनी मला काठीनं जमिनीवर काहीतरी दाखवलं. गवतात घोंग्यांच्या, म्हणजे पाण्यातल्या गोगलगायींच्या, पांढऱ्या शंखांची एक रेघ होती, वाळलेली, तुटक. श्रावणात पाणी चढतं तेव्हा घोंगे पाण्याबरोबर येतात आणि पाणी उतरलं की तिथेच राहतात. माझी सपरी त्या रेघेच्या तीन हात खाली होती. मी पाण्याची पातळी मोजून आणली होती, पण वैशाखातली. बाबांनी याचा कुठे गाजावाजा केला नाही. आम्ही दोघांनी मिळून सपरी वर सरकवली.

मायही रोज यायची. सगळ्या खोल्यांतून हिंडायची, बरं आहे म्हणायची आणि निघताना स्वयंपाकघराची उत्तरेकडची भिंत ओलांडून बाहेर पडायची. लुगडं जरा वर धरून, एक पाय पलीकडे, मग दुसरा. मी तिला सांगायची, माय, दार तिकडे आहे. ती हो म्हणायची. दुसऱ्या दिवशी पुन्हा तिथूनच. मला वाटलं, तिच्या लक्षात राहत नाही. पुन्हा सांगितलं. तिसऱ्यांदा सांगितलं तेव्हा माझा आवाज वर्गातल्यासारखा झाला असणार, कारण ती चटकन मागे फिरली आणि दारातून गेली. आज ते आठवलं की स्वतःचाच राग येतो.

मग ती सकाळ आली. मी धुक्यातून तिथे पोचले तर स्वयंपाकघरात लाल्या उभा होता. लाल्या आमचा बैल. स्वयंपाकघराची उत्तरेकडची भिंत त्यानं साफ खाल्ली होती, जाता जाता अर्धी न्हाणीही, आणि आता निवांत रवंथ करत तो तलावाकडे बघत होता. त्याच्या मागे गावातली आणखी चारपाच ढोरं पाहुणचाराची वाट बघत थांबली होती.

धान निघालं की आमच्याकडे ढोरं मोकळी सोडतात. राखायला पीकच नसतं, मग दाव्याला कोण बांधतं? हे इथल्या शेंबड्या पोराला कळतं. मी याच गावात जन्मले, वाढले आणि नेमक्या त्याच हंगामात चाऱ्याचं घर बांधलं. बाबा इतके हसले की त्यांना ठसका लागला. त्यांना हे पहिल्या दिवसापासून दिसत होतं. मग सांगितलं का नाही, असं मी विचारलं, तर म्हणाले की शिकलेल्या माणसाच्या कामात कशाला बोलायचं.

मी तणतणत खळ्यावर गेले आणि पेंढ्या घेऊन आले. तोपर्यंत सगुणामावशी पाळीवरून उतरली होती. डोक्यावर शिंगाड्याची टोपली, गोरेगावच्या बाजाराला निघालेली. एरवी ती पायवाटेनं आमच्या घराला वळसा घालून पुढे जायची. त्या दिवशी समोर भिंतच नव्हती. ती सरळ स्वयंपाकघरात आली, टोपली उतरवली आणि पाय पसरून बसली. मायही तिच्यापुढे बसली. दोघी शिंगाडे सोलायला लागल्या. मागून धुण्याचं गाठोडं घेतलेली एक बाई आली, ती टेकली. तिच्यामागून दुसरी. कोणाची सून, कोणाचा गुडघा, कोणाच्या बांधीत लाखोळी उगवली आणि कोणाची सडली. माय बोलत होती. त्या जागेवर इतके दिवस मी तिचं फक्त ‘बरा हाये’ एवढंच ऐकलं होतं.

मी पेंढी हातात धरून उभी. या उठल्या की भिंत लावू. मायचं लक्ष माझ्या हाताकडे गेलं.

“थे भित नोको लावू, बाई,” ती म्हणाली. “लाल्यानं बरा केलन.”

मी कारण विचारलं. तिनं एक शिंगाडा सोलून माझ्या हातावर ठेवला.

“पुढच्या दारानं पाहुने येतेत. बाया तं मांगूनच येतेत.”

एवढंच. पण माझ्या डोळ्यांपुढे आमचं गावातलं घर उभं राहिलं. त्याच्या मागची बाडी, म्हणजे परसातली भाजीची जागा. वांगी, वाल, धोप्याची म्हणजे अळूची पानं. बाडीला काट्यांचं कुंपण आणि कुंपणाला एक फट. त्या फटीतून मी लहानपणापासून बाया येताना पाहिल्या होत्या. विरजण मागायला, सासूची तक्रार सांगायला, नुसतं बसायला. पुढच्या दारातून यायचं तर डोक्यावर पदर हवा, काम हवं, घरातले पुरुष कुठे आहेत ते बघायला हवं. मागून यायला काही लागत नाही. माझ्या नकाशात मायला पाणी होतं, वारा होता, हिरवळ होती आणि ती फट तेवढी नव्हती. त्या पक्क्या कुंपणात मी तिला एकटीला कोंडणार होते. तिला हे शब्दांत सांगता आलं नाही, पण ती पायांनी रोज सांगत होती आणि मी तिला दार दाखवत होते. मला तेव्हा रडू आलं. शिंगाडा तोंडात होता म्हणून निभावलं.

त्या दिवशी पेंढी घेऊन मी भिंतीची नव्हे, बागेची जागा बदलली. दक्षिणेची हिरवळ गेली. स्वयंपाकघर आणि पाळ यांच्यामधला सगळा तुकडा बाडीला दिला. उत्तरेची भिंत काढून तिथे गोठ्याच्या जुन्या फळ्यांची सहा पानी दारं लावायची ठरली, सगळी उघडली की चूल आणि वांगी एकाच घरात. पक्क्या कुंपणाऐवजी काट्यांचं आणि पाळीच्या बाजूला त्याला एक फट. दादा हिरवळीसाठी दोन दिवस फुगून बसला. मग वहिनीनं त्याला विचारलं की त्या हिरवळीवर बसणार कोण होतं, आणि तो मुकाट खत आणायला गेला.

पौषात पाया खणला. भिंतींसाठी माती मळायची ती लाल्याच्या पायांनी मळली. तणस, कोंडा, पाणी आणि गोल गोल फिरणारा तो. खाल्लेल्या भिंतीची परतफेड म्हणा. एक थर वाळल्याशिवाय दुसरा चढवायचा नाही, त्यामुळे घाई करून उपयोग नव्हता आणि मला तर घाई नकोच होती. ओल्या भिंतीचा वास, तलावावरून येणारा वारा, मोहाची फुलं टपटप पडायची तो पहाटेचा आवाज. मिस्त्री म्हणायचा, बाई, सिमेंटमध्ये आतापर्यंत दुसरा माळा झाला असता. मी त्याला चहा द्यायची. जेठात कवेलू चढली आणि पाऊस लागायच्या आत आम्ही राहायला गेलो.

आता माझ्या वर्गातली पोरं दर वर्षी एकदा हे घर बघायला येतात. उन्हाळ्यात आत किती गार असतं ते भिंतीला गाल लावून बघतात. मागच्या खेपेला एका मुलीनं मायला विचारलं, नकाशा बाईंनी काढला ना? मायनं बाहेर बोट दाखवलं. “इंजिनेर थो पाय, पानी पिऊन रायला.” लाल्या म्हातारा झालाय आता. मान वर करून त्यानं पोरांकडे पाहिलं आणि पुन्हा पाण्यात तोंड घातलं. पोरं वहीत लिहून घेत होती, ती थांबली.

पण एक गोष्ट मी त्या पोरांना कधी सांगितली नाही. राहायला आल्यावरही माय या जागेला ‘तलावावरचा’ म्हणायची. गावातल्या बंद घराची किल्ली तिच्या कमरेला होती. रोज दुपारी, ‘घरी जाऊन येतो,’ म्हणून ती तिकडे जायची, जुन्या बाडीला पाणी घालायची, झाडझूड करायची. पुढे रोजचं दोनतीन दिवसांनी झालं, दोनतीन दिवसांचं आठवड्यावर गेलं. मी मोजत होते, पण विचारलं नाही. बाबा सपरीत बसून सगळं बघायचे आणि तेही विचारायचे नाहीत. ती इथे जेवत होती, हसत होती, मागच्या दारी दहा बायांचा दरबार भरवत होती, तरी ते एक उरलंच होतं. घर बांधणाऱ्याच्या हातात तेवढं नसतं अशी मी मनाची समजूत घालून ठेवली होती.

परवा ती तिरोड्याहून आली. बहिणीकडे चार दिवस गेली होती. मी तिला गोरेगावच्या स्टँडवर गाडीवर घेतलं. पिशवीत बहिणीनं दिलेलं वालाचं बियाणं आणि मांडीवर अळूच्या कंदांचं मुटकुळं. दोन्ही बाजूंना कापलेल्या बांध्या, धानाचे पुंजणे रचलेले, धुऱ्यांवर तूर फुलावर. गावाच्या तोंडाशी रस्ता फुटतो. डावीकडे गल्ली, उजवीकडे पाळ. चार दिवस पाणी नसेल पडलं जुन्या बाडीला, असा विचार करून मी गाडी डावीकडे घेतली.

तिनं मागून माझ्या खांद्यावर थोपटलं.

“इकडे कायले जाऊन रायलीस? घरी चाल. सगुणा येऊन बसली असन.”

मी गाडी थांबवली. गाडी वळवून पाळीला घातली. कुंपणाच्या फटीपाशी ती उतरली, लुगडं जरा वर धरलं आणि आत गेली.